नौका-एंजिनावरील दर्शक मापके : दोष व दोषशोधन

नौका-एंजिनावरील दर्शक मापके : नौकेच्या एंजिनातील वंगण तेलाचा दाब, शीतक पाण्याचे तापमान, भुजादंडाची गती, बॅटरीचा विद्युत् दाब व टाकीतील इंधनाची पातळी चालकास एका दृष्टिक्षेपात समजावी म्हणून सुकाणूजवळील फलकावर बसविलेल्या उपकरणांना दर्शक मापके म्हणतात. व्यवहारात त्यांना ‘मीटर’ वा ‘गेज’ असेही म्हटले जाते. रस्त्यावरील मोटार बिघडल्यास ती कडेला उभी करता येते. भरती-ओहोटीच्या प्रवाहात एंजिन बंद पडलेली नौका मात्र प्रवाह नेईल तिकडे वाहत जाते. त्यामुळे मापकांवर विश्वास केव्हा ठेवावा व केव्हा शंका घ्यावी, हे जाणणे नौकाचालकास आवश्यक असते.

ठाणे-कल्याण परिसरातील जलमार्ग : उल्हास नदी कल्याणवरून डोंबिवली-मुंब्र्याच्या बाजूने ठाण्याच्या उत्तरेस येते आणि घोडबंदरवरून वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्रास मिळते. ठाण्याची खाडी एका अरुंद फाट्याने या नदीशी जोडलेली आहे. हा जलमार्ग जुना आहे. कल्याण-भिवंडीचा प्रदेश १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या ताब्यात आल्यावर कल्याणच्या खाडीत लढाऊ जहाजे बांधण्यास प्रारंभ झाला. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमान्वये कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्र. ५३ म्हणून घोषित झाला आहे. कोळ्यांच्या मासेमारी होड्या आणि ठाणे खाडी रोहित अभयारण्यात (स्थापना २०१५) पक्षिनिरीक्षणासाठी जाणाऱ्या नौका या पाण्यात चालतात. येथील पाणी मचूळ व गाळाने गढूळ असून त्यात प्लॅस्टिकचा कचरा तरंगत असतो. ओहोटीस दोन्ही काठांची चिखलाणे उघडी पडतात. ही परिस्थिती एंजिनास व मापकांस सारखीच मारक आहे. गाळ व कचरा पाणी ओढणाऱ्या नळाचे तोंड बुजवितात आणि त्यामुळे एंजिन खरोखरच तापते. तर दमट खारी हवा तारांचे सांधे गंजविते आणि त्यामुळे मापक खोटे बोलते. या दोहोंतील भेद ओळखणे हाच दोषशोधनाचा गाभा होय.

रचना व कार्य : मापके यांत्रिक किंवा विद्युत् प्रकारची असतात. यांत्रिक दाबमापकात एझेन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्यांनी १८४९ मध्ये एकस्व घेतलेली वक्र नळी वापरतात. आतील दाब वाढला की ही नळी सरळ होऊ पाहते व तिच्या हालचालीने काटा फिरतो. विद्युत् मापकाचे तीन भाग असतात : फलकावरील मापक, एंजिनावर वा टाकीवर बसविलेला संवेदक (यास कारागीर ‘सेंडर’ म्हणतात) आणि त्यांना जोडणारी तार. दाब, तापमान किंवा पातळी बदलली की संवेदकाचा विद्युत् रोध बदलतो व त्यानुसार काटा सरकतो. संवेदकातून आलेला प्रवाह बहुधा एंजिनाच्या धातूच्या ठोकळ्यातूनच बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जातो. म्हणून ठोकळा व बॅटरी यांमधील जोड, म्हणजेच ‘अर्थिंग’, हा या मंडलाचा सर्वांत महत्त्वाचा व सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे.

संवेदकांच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. अमेरिकन पद्धतीच्या इंधन संवेदकाचा रोध टाकी रिकामी असता सु. २४० ओहम व भरलेली असता सु. ३३ ओहम असतो. यूरोपीय पद्धतीत तो अनुक्रमे सु. १० व १८० ओहम असतो. एका पद्धतीचा संवेदक दुसऱ्या पद्धतीच्या मापकास जोडल्यास दोन्ही निर्दोष असूनही काटा चुकीचे दाखवितो. जुना संवेदक बदलल्यानंतर उद्भवलेल्या तक्रारीत ही शक्यता प्रथम पाहावी.

गंजलेल्या सांध्याचा परिणामही पद्धतीनुसार भिन्न होतो. सांध्यामुळे मंडलात ३० ओहम रोध वाढला असे मानू. अमेरिकन पद्धतीत काठोकाठ भरलेली टाकी सु. पाऊण भरलेली दिसेल. ही चूक निरुपद्रवी आहे. यूरोपीय पद्धतीत मात्र रिकाम्या टाकीतही थोडे इंधन असल्याचे दिसेल आणि चालक फसेल. तापमान संवेदकाची गोष्ट याहून गंभीर आहे. तापमान वाढते तसा त्याचा रोध कमी होत असल्याने सांध्याचा जादा रोध एंजिन आहे त्यापेक्षा थंड असल्याचे भासवितो. तसेच शीतक पाणी पूर्ण गळून गेले, तर संवेदक हवेत वा वाफेत उघडा राहतो आणि एंजिन जळण्याच्या बेतात असतानाही काटा खाली उतरू शकतो. यावरून स्वस्थ दिसणारा काटा हा निर्धास्तपणाचा पुरावा नव्हे, हे स्पष्ट होते.

पहिला नियम : काट्याने धोका दाखविल्यास तो खरा मानूनच वागावे. तेलाचा दाब एकाएकी शून्यावर आल्यास सुरक्षितता पाहून एंजिन ताबडतोब बंद करावे, आवश्यक तर नांगर टाकावा आणि पट्टीने तेलाची पातळी पाहावी. तापमान वाढल्यास प्रथम गती कमी करून निष्कासाबरोबर पाणी बाहेर पडते की नाही ते पाहावे. पाणी थांबले असल्यास दोष मापकात नसून नळाच्या तोंडाशी, गाळणीत अथवा पंपाच्या रबरी चक्रात असतो. गरम एंजिनाच्या पाण्याचे झाकण उघडू नये. वाफेने भाजण्याचा धोका असतो. मापकाची तपासणी नौका धक्क्याला लागल्यावर करावी.

दोषाचे स्थान : सर्व मापके एकाच वेळी बंद पडली किंवा एकाच दिशेने चुकू लागली, तर प्रत्येकात स्वतंत्र दोष असण्याचा संभव फार थोडा. अशा वेळी सामाईक वितळतार (फ्यूज), चावीचा स्विच, फलकास येणारी मुख्य तार व अर्थिंग तपासावे. एकच मापक चुकत असेल, तर त्याचा संवेदक, त्याची तार व ते मापक एवढ्यापुरताच शोध मर्यादित ठेवावा. एंजिनाच्या कंपनाबरोबर काटा थरथरत असल्यास सैल जोड संभवतो. गतिमापक व विद्युत् दाबमापक एकदम खाली आल्यास अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. कारण अनेक डीझेल एंजिनांत गतिमापकास अल्टरनेटरकडूनच संकेत मिळतो.

चाचण्या : (१) एंजिन बंद ठेवून चावी चालू करावी व मल्टिमीटरने मापकाच्या धन टोकावर बॅटरीइतकाच विद्युत् दाब येतो याची खात्री करावी. पूर्ण भारित १२ व्होल्ट बॅटरी विश्रांत स्थितीत सु. १२·६ व्होल्ट, तर एंजिन चालू असता सु. १३·८ ते १४·४ व्होल्ट दाखविते. (२) संवेदकाची तार संवेदकापासून सोडवावी; काटा एका टोकास गेला पाहिजे. तीच तार क्षणभर एंजिनाच्या स्वच्छ धातूस टेकवावी. काटा दुसऱ्या टोकास गेला पाहिजे. असे झाल्यास मापक व तार चांगली असून दोष संवेदकात वा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे. काटा न हलल्यास हीच चाचणी मापकाच्या मागील टोकावर करावी. तेथे काटा हलला, तर मधली तार तुटलेली असते. धन तार मात्र कधीही धातूस टेकवू नये. पेट्रोलच्या नौकेत एंजिनकक्ष उघडून वाफा निघून गेल्याखेरीज ठिणगी पडेल अशी कोणतीही चाचणी करू नये. (३) संवेदकाच्या शरीरापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत एक स्वतंत्र तार तात्पुरती जोडावी. काटा योग्य जागी आला, तर अर्थिंग सदोष आहे असे ठरते. संवेदकाच्या आट्यांवर गळती रोखण्यासाठी गुंडाळलेल्या फितीमुळेही हा दोष उत्पन्न होतो. (४) तापमान संवेदक काढून तारेसह गरम पाण्यात बुडवावा, त्याचे शरीर तारेने एंजिनास जोडावे आणि काट्याची साध्या तापमापकाशी तुलना करावी. (५) तेलदाबाविषयी शंका राहिल्यास संवेदकाच्या जागी यांत्रिक दाबमापक बसवून खरा दाब पाहावा व तो एंजिनाच्या पुस्तिकेशी ताडावा.

एंजिन चालू असताना बॅटरीची जोडणी सोडवू नये. त्याने अल्टरनेटरमधील डायोड निकामी होतात. अलीकडील एंजिनांत संवेदकांची माहिती इलेक्ट्रॉनीय नियंत्रकामार्फत पडद्यावर येते. त्यांवर वरील दुसरी चाचणी न करता नियंत्रकाने नोंदविलेले दोषसंकेत वाचावेत.

निगा : तांब्याच्या तारेवर धरणारा हिरवा थर हे गंजाचे लक्षण होय. असा भाग कापून काढावा आणि कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरावी. जोड नुसते पिळून न ठेवता दाबून घट्ट केलेल्या टोकांनी करावेत व त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. अर्थिंगचे जोड पावसाळ्यापूर्वी व नंतर उघडून घासावेत. खाडीत चालणाऱ्या नौकेची पाण्याची गाळणी दररोज पाहावी. एंजिन सुस्थितीत असताना प्रत्येक काटा नेहमीच्या गतीस कोठे स्थिर राहतो याची नोंद करून ठेवणे उपयुक्त ठरते. कारण दोषाची पहिली सूचना बहुधा तबकडीवरील लाल रेषेने नव्हे, तर काट्याने आपली नेहमीची जागा सोडल्याने मिळते. मापक दुरुस्त होईपर्यंत तेलाची पट्टी, इंधनाची मोजकाठी, निष्कासातून पडणारे पाणी व एंजिनाचा आवाज यांवर लक्ष ठेवून जवळच्या धक्क्यापर्यंतच नौका चालवावी.