रोह्याच्या सूनबाई आणि राज्यघटनेतला एक शब्द

संविधान सभेच्या कामकाजाचे छापील खंड उघडून तुम्ही ‘दुर्गाबाई देशमुख’ हे नाव शोधायला बसलात, तर ते सापडणार नाही. तिथे नोंद आहे ती ‘श्रीमती जी. दुर्गाबाई’ अशी. जी म्हणजे गुम्मिडिथला. देशमुख हे आडनाव त्यांना लागलं ते २२ जानेवारी १९५३ रोजी, चिंतामणराव देशमुखांशी लग्न झाल्यावर. तोपर्यंत राज्यघटना लागू होऊन तीन वर्षं होत आली होती. म्हणजे आज आपण ज्या कामाबद्दल बोलणार आहोत, ते सगळं त्यांनी देशमुख होण्याआधी केलेलं आहे.

चिंतामणराव आपल्याच मुलखातले. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्यातलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. १९५२ साली ते लोकसभेवर गेले ते कुलाबा मतदारसंघातून. आपल्या जिल्ह्याला रायगड हे नाव मिळायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. त्यामुळे इकडे दुर्गाबाईंची ओळख राहिली ती ‘सी. डीं.च्या पत्नी’ एवढीच. पेण आणि रोह्याच्या मधल्या गडबला आज त्यांच्यावर बोलायचं आम्ही ठरवलं, ते ही ओळख थोडी उलटी करून बघावी म्हणून.

त्या राजमहेंद्रीच्या, जन्म १९०९ चा. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास झाला, शिक्षण त्यानंतर पुरं केलं, मद्रासला वकिली सुरू केली आणि मद्रास प्रांतातून संविधान सभेवर गेल्या. सभेत एकूण स्त्रिया पंधरा. अध्यक्ष नसताना कामकाज चालवण्यासाठी जी सभापती तालिका होती, तिच्यात दुर्गाबाई एकट्याच बाई होत्या.

आता संविधान सभेत काम कसं चालायचं, हे थोडं समजून घेऊ. शाळेत आपल्याला शिकवतात की घटना डॉ. आंबेडकरांनी लिहिली. मसुदा समितीचे अध्यक्ष ते होते, आणि सर्वांत जड ओझं त्यांनीच वाहिलं, हे खरंच आहे. पण नोव्हेंबर १९४८ मध्ये मसुदा सभेपुढे आल्यावर त्याचं एकेक कलम चर्चेला घेतलं गेलं. सभासदाने आधी लेखी उपसूचना द्यायची, तिला क्रमांक पडायचा, मग उभं राहून ती मांडायची, कारण सांगायचं. बाकीचे बोलायचे, शेवटी आंबेडकर उत्तर द्यायचे आणि मत घेतलं जायचं. अशा ७,६३५ उपसूचना दाखल झाल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. दुर्गाबाईंचं काम आहे ते या ढिगात. मोठमोठ्या भाषणांच्या संग्रहात ते शोधू नका. त्या थोडं बोलायच्या, आणि मुद्द्याचं बोलायच्या.

डिसेंबर १९४८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचं कलम चर्चेला आलं. मसुद्यात ते १९ वं होतं, आज ते २५ वं आहे. त्यात एक पोटकलम असं की, सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था खुल्या करणारा कायदा राज्याने केला, तर धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली तो अडवता येणार नाही. पण खुल्या कुणाला? मसुद्यातले इंग्रजी शब्द होते ‘एनी क्लास ऑर सेक्शन’, म्हणजे हिंदूंच्या कोणत्याही वर्गाला किंवा गटाला. दुर्गाबाईंनी सुचवलं, तिथे ‘ऑल क्लासेस अँड सेक्शन्स’ करा. सर्व वर्गांना आणि गटांना. कलमाची व्याप्ती वाढावी, एवढाच त्यांचा हेतू होता. आजच्या घटनेत ‘ऑल’च आहे.

कुणी म्हणेल, ‘कोणताही’ आणि ‘सर्व’ यांत असा काय फरक? वकिलाला विचारा. ‘कोणत्याही गटाला’ म्हटलं की कायदा एका गटापुरता करून थांबता येतं. आज यांना आत घेतलं, बाकीच्यांचं पुढे बघू. ‘सर्व’ म्हटलं की ही पळवाट बुजते.

हा फरक कुलाबा जिल्ह्याइतका जवळून क्वचितच कुणी पाहिला असेल. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्येच मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायला सांगितलं होतं. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. तरी २० मार्च १९२७ ला लोकांनी ते पाणी प्यायल्यावर मारहाण झाली, तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं, आणि प्रकरण कोर्टात गेलं ते १९३७ पर्यंत चाललं. ठरावाने परवानगी मिळते. ती कुणी मोडली तर दाद मागायची कशाच्या जोरावर, हा प्रश्न उरतोच, आणि तिथे घटनेतला एकेक शब्द कामाला येतो. दुर्गाबाईंच्या डोळ्यांपुढे महाड होतं असं आम्ही म्हणत नाही. मद्रास प्रांतातले मंदिरप्रवेशाचे झगडे त्यांच्या ओळखीचे होते.

हेच शब्द पुढे महाराष्ट्राच्या १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्यात उतरले: पूजास्थान हिंदूंच्या सर्व गटांना आणि वर्गांना खुलं. तब्बल साठ वर्षांनी, शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात आला तेव्हा हाच कायदा पुढे केला गेला. अर्ज करणाऱ्यांत ‘मिळून साऱ्याजणी’च्या विद्या बाळ होत्या. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने सरकारला या कायद्याची अंमलबजावणी करायला सांगितलं आणि त्या पाडव्याला बायका चौथऱ्यावर गेल्या. ‘सर्व गट’ म्हटल्यावर त्यात स्त्रिया आल्याच ना, हा साधा प्रश्न विचारायला आपल्याला एवढा वेळ लागला.

दुसरी उपसूचना वयाची. मे १९४९ मध्ये खासदारांच्या पात्रतेचं कलम आलं. राज्यसभेसाठी किमान वय पस्तीस ठेवायचं म्हणत होते, दुर्गाबाईंनी ते तीस करा म्हटलं. शहाणपण काही वयावर अवलंबून नसतं, आताची मुलंमुली लवकर जाणती होतात, असं त्यांचं म्हणणं. सभेने ते मानलं, आणि कलम ८४ मध्ये आजही तीसच आहे. त्या स्वतः तेव्हा चाळिशीला आल्या होत्या, म्हणजे यात त्यांचा फायदा काहीच नव्हता.

भाषेवरचं त्यांचं बोलणं अधिक तिखट आहे. लहान वयात त्यांनी काकिनाड्यात बायकांसाठी हिंदी शाळा काढली होती. सप्टेंबर १९४९ मध्ये याच बाईने सभेत हिंदीवाल्यांच्या आग्रहाबद्दल नाराजी सांगितली: दक्षिणेने आपणहून हिंदी शिकायला घेतली, आणि तुमच्या घाईमुळे तो उत्साह आटतोय. त्यांना हिंदुस्तानी हवी होती, उर्दूला सामावून घेणारी. ती बाजू हरली. आज महाराष्ट्रात शाळेतल्या हिंदीवरून वाद पेटतो तेव्हा आम्हाला हे भाषण आठवतं. हिंदीवर प्रेम असणाऱ्या व्यक्तीने सक्तीच्या सुराला केलेला तो विरोध आहे.

एका बाबतीत मात्र त्या सभेतल्या स्त्रियांचा अंदाज चुकला, असं आमचं मत आहे. मुंबईहून गेलेल्या हंसा मेहता आणि बंगालच्या रेणुका रे या दोघींनी स्पष्ट सांगितलं होतं की बायकांना राखीव जागा नकोत, न्याय हवा. विचार स्वाभिमानाचा होता. पण पक्षांनी तिकिटंच दिली नाहीत. खुद्द दुर्गाबाई १९५२ ची निवडणूक हरल्या आणि त्यांचं पुढचं काम नियोजन आयोगात व केंद्रीय समाजकल्याण मंडळात झालं. पंचायतींत एक तृतीयांश जागा राखायला ७३ वी घटनादुरुस्ती लागली, ती १९९३ पासून लागू आहे. महाराष्ट्राने २०११ मध्ये प्रमाण निम्म्यावर नेलं. लोकसभा-विधानसभेसाठीची १०६ वी दुरुस्ती २०२३ मध्ये मंजूर झाली खरी, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांना ती बांधलेली आहे.

तेव्हा गावापुरतं बोलायचं तर, निम्म्या खुर्च्यांवर बायका आहेत. खुर्चीवर बसून काय करायचं, याचा नमुना दुर्गाबाईंच्या त्या क्रमांक घातलेल्या उपसूचनांत सापडतो. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती उरते. तिथे तोंडी हरकत घेऊन गप्प बसू नका. ठरावातला कोणता शब्द काढायचा आणि कोणता घालायचा, ते कागदावर लिहून द्या आणि इतिवृत्तात उतरवलं की नाही ते सही करण्याआधी वाचा. रस्ता, पाणी, कंपनीचा धूर, जमिनीचा मोबदला, विषय कुठलाही असो. ‘महिला व बालकल्याण’च्या रकान्यातच बोलायचं असं दुर्गाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.