कुर्डुवाडी

महाराष्ट्र राज्याच्या सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील एक लहान शहर व मध्य रेल्वेवरील महत्त्वाचे प्रस्थानक. मुंबई–सोलापूर लोहमार्गावर ते पुण्याच्या आग्नेयीस सु. १८५ किमी. व सोलापूरच्या वायव्येस सु. ८० किमी. अंतरावर आहे. भीमा व सीना या नद्यांच्या दरम्यानच्या पठारी व बेभरवशाच्या पावसाच्या टापूत ते वसले असून नजीकच्या कुर्डू या गावावरून त्यास हे नाव पडले आहे. ‘कुर्डूवाडी’ असेही ते लिहितात. येथे नगरपालिका आहे.

प्राचीन देवस्थान, किल्ला, नदीचा घाट किंवा जुनी पेठ यांपैकी काहीही शहराच्या वाढीस कारणीभूत झालेले नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुंबईहून आग्नेयीस जाणारा मार्ग १८५८ मध्ये पुण्यापर्यंत व पुढे दिक्सळपर्यंत पोहोचला होता. १८५९ मध्ये तो येथवर आला आणि १८६० मध्ये सोलापूरला जाऊन भिडला. या उजाड माळावर प्रस्थानक उभारताना रेल्वेची दृष्टी कुर्डू गावावर नव्हती, तर ईशान्येस सु. ३५ किमी.वर असलेल्या बार्शीच्या संपन्न बाजारपेठेवर होती. म्हणूनच त्यास ‘बार्शी रोड’ असे नाव देण्यात आले. ज्या गावात आपण उभे आहोत त्याचे नव्हे, तर जेथे जाण्यासाठी उतरावयाचे त्या गावाचे नाव, असा हा प्रकार होता; कुर्डुवाडी हे नाव प्रस्थानकास पुढे मिळाले. बार्शी व तिच्यामागील बालाघाटच्या प्रदेशातील कापूस, तेलबिया, धान्य असा माल सुमारे चार दशके बैलगाड्यांतून येथे येत होता.

बैलगाड्यांची ही रहदारी पाहून येथे स्वस्त व हलका लोहमार्ग घालण्याची कल्पना एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने पुढे आणली. तो १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीसाठी भारतात आला होता. (उत्तरायुष्यात विमानातून उडी घेण्यासाठी त्याने तयार केलेली ‘गार्डियन एंजल’ ही हवाई छत्रीही प्रसिद्ध आहे.) लोहमार्गाचा खर्च मुख्यतः एका आसावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असतो, हे त्याच्या योजनेचे मर्म होते. एंजिन, प्रवासी डबा व मालडबा या सर्वांचा प्रत्येक आसावरील भार ५ टनांपेक्षा अधिक होऊ द्यावयाचा नाही, असे त्याने ठरविले. त्यामुळे यार्डास केवळ ३० पौंड वजनाचे रूळ पुरेसे झाले आणि पूल व भराव यांचा खर्चही उतरला. एंजिनाचा भार अनेक आसांवर वाटला जावा म्हणून लीड्स येथील किट्सन कंपनीकडून आठ जोडचाकांची एंजिने बनवून घेण्यात आली. लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम घातलेल्या मार्गावर या सामग्रीची चाचणीही झाली. रुळांमधील अंतर २ फुट ६ इंच (७६·२ सेंमी.) होते. बार्शी लाइट रेल्वे ही कंपनी १८९५ मध्ये लंडन येथे स्थापन झाली आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाव हा मार्ग खुला झाला. या प्रयोगाकडे परदेशातील अभियंत्यांचेही लक्ष गेले. इंग्लंडमधील स्टॅफर्डशरमध्ये १९०४ साली सुरू झालेला लीक व मॅनिफोल्ड खोऱ्याचा लोहमार्ग याच मापाचा असून त्याचा अभियंता कॅल्थ्रॉपच होता. तो मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. बार्शीचा मात्र त्यानंतरही सात दशकांहून अधिक काळ चालू राहिला.

हा फाटा दक्षिणेस पंढरपूरपर्यंत १९०६ मध्ये, पूर्वेस तत्कालीन निजामी मुलखातील लातूरपर्यंत १९११ मध्ये आणि पंढरपूरहून मिरजेपर्यंत १९२७ मध्ये नेण्यात आला. लातूर–मिरज असा सु. ३२५ किमी. लांबीचा हा मार्ग मुख्य रुंदमापी मार्गास कुर्डुवाडी येथे छेदत असे. भारत सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी तो ताब्यात घेतला व पुढे तो मध्य रेल्वेचा भाग झाला.

मापांतील या फरकातूनच कुर्डुवाडीस शहराचे रूप आले. मुख्य मार्गाचे माप १·६७६ मी. असल्याने एका मार्गावरील डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नसे. लातूर वा बार्शीहून मुंबईकडे निघालेले प्रत्येक पोते येथे लहान डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावे लागे. मुंबईकडून आलेल्या मालाची गत उलट दिशेने तीच होती. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही खर्चाची, विलंबाची व नासधुशीची बाब होती. अभियंते तर मापभेदास लोहमार्गाचा मोठा दोष मानतात. परंतु या दोषावरच येथील हमाल, गाडीवान, मुकादम, अडते व खाणावळवाले यांची पोटे भरत होती. महाराष्ट्रातील मनमाड, मिरज यांसारख्या प्रस्थानकांवरही मापे बदलत. मात्र मिरज हे जुने संस्थानी नगर होते. रेल्वे नसती तरी ते राहिलेच असते. कुर्डुवाडीबद्दल तसे म्हणता येत नाही.

मालाप्रमाणे माणसेही येथे गाडी बदलत. आषाढी व कार्तिकी या मोठ्या वाऱ्या आणि माघी व चैत्री यात्रा यांच्या दिवसांत मुंबई, पुणे व सोलापूरकडून येणारे वारकरी येथे उतरून पंढरपूरची छोटी गाडी पकडत. मराठवाड्यातील यात्रेकरूंच्या गाड्याही याच प्रस्थानकातून पुढे जात. पायी दिंडीने जाणाऱ्यांना आळंदी–पंढरपूर वाटेवरील मुक्कामांची नावे पाठ असतात. रेल्वेने जाणाऱ्या कित्येक पिढ्यांना पंढरीच्या वाटेवरील एकच मुक्काम ठाऊक होता व तो कुर्डुवाडीचा.

अरुंदमापी एंजिने व डबे यांच्या दुरुस्तीचा कारखाना येथे असल्याने फिटर, लोहार, सुतार, बाष्पित्र-कारागीर अशा कुशल कामगारांची वस्ती वाढली. गार्ड, चालक, फायरमन, तिकीट तपासनीस ही रेल्वेची माणसे बहुधा परगावची व बदलीची. हमाल व दुकानदार मात्र आसपासच्या खेड्यांतील. दुष्काळी टापूतील ज्या कुटुंबांची जमीन पावसावर अवलंबून होती, त्यांना महिन्याच्या महिन्यास मिळणारा रेल्वेचा पगार हा केवढा आधार होता, हे सांगावयास नकोच. शेतकरी, कारागीर व नोकरदार यांच्या अशा मिश्रणामुळे एवढ्या लहान गावास आजूबाजूच्या खेड्यांहून निराळे वळण लागले. तालुक्याचे ठाणे माढा येथे असूनही प्रांत कार्यालय व पंचायत समिती यांनी बसण्यासाठी कुर्डुवाडी निवडली, यामागे दळणवळणाची हीच सोय होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मालमोटारींशी स्पर्धा सुरू झाल्यावर धीम्या अरुंदमापी गाड्या मागे पडल्या. पुणे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग कुर्डुवाडीवरून न जाता टेंभुर्णीवरून गेल्याने मालमोटारींच्या वाहतुकीचा लाभ तिकडे गेला. भीमेवरील उजनी धरणाच्या पाण्यामुळे वाढलेल्या उसाच्या शेतीने परिसराचे रूप पालटले. मापबदलाची मागणी मराठवाड्यात, विशेषतः लातूरकरांत, जुनी होती आणि ती रास्तही होती. कुर्डुवाडी–पंढरपूर हा टप्पा २००२ च्या सुमारास, लातूर–उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) २००७ मध्ये, तेथून कुर्डुवाडीपर्यंतचा २००८ मध्ये आणि पंढरपूर–मिरज २०१० मध्ये रुंदमापी झाला. जुना मार्ग येडशीवरून जात असे व उस्मानाबाद शहर बाजूस राही. नव्या आखणीत ते जिल्ह्याचे ठिकाण प्रथमच लोहमार्गावर आले. लातूरहून मुंबईस गाडी न बदलता जाता येऊ लागले आणि ज्या खांदेपालटीवर कुर्डुवाडीचा बाजार उभा होता ती संपली.

या बदलाचे मोल एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांना विशेषत्वाने कळून आले. तीव्र पाणीटंचाईमुळे मिरजेहून पाण्याच्या टाक्यांची गाडी पंढरपूर व कुर्डुवाडीमार्गे लातूरला पाठविण्यात आली. सु. ५ लक्ष लिटर पाण्याची पहिली दहा टाक्यांची गाडी १२ एप्रिलला पहाटे तेथे पोहोचली. नंतर पन्नास टाक्यांच्या गाड्या धावू लागल्या. कॅल्थ्रॉपच्या ५ टनी आसभाराच्या मार्गावर एवढा बोजा वाहणे शक्यच नव्हते.

मापबदलानंतर येथील कारखान्याच्या भवितव्याची चिंता कामगारांत स्वाभाविकपणेच निर्माण झाली. नेरळ–माथेरान या अरुंदमापी मार्गावरील डब्यांची दुरुस्ती मात्र येथे होत आली आहे. मुंबई–सोलापूर मार्गावरील गाड्यांखेरीज लातूर, पंढरपूर व मिरज यांकडे जाणाऱ्या गाड्यांचे प्रस्थानक म्हणून कुर्डुवाडीचे महत्त्व टिकून आहे. शहरात शाळा, महाविद्यालय व दवाखाने यांच्या सोयी असून माढा, करमाळा व बार्शी तालुक्यांतील खेड्यांतून लोक बाजारहाटासाठी व कचेऱ्यांतील कामांसाठी येथे येतात.