बिलं फोनमध्ये ठेवताय? मग फॉरमॅटही नीट निवडा

इन्स्टाग्रामवरून साड्या विकणारे, घरून केकच्या ऑर्डर घेणारे किंवा वडिलांच्या दुकानाचा हिशोब बघणारे बरेच जण बिलं फोनमध्येच ठेवतात. त्यात चूक काहीच नाही. पण जीएसटी नोंदणी असेल तर ही बिलं किती काळ सांभाळायची, माहितीये? त्या आर्थिक वर्षाच्या वार्षिक रिटर्नची जी शेवटची तारीख, तिथून पुढे ७२ महिने. म्हणजे एप्रिल २०२४ चं बिल थेट डिसेंबर २०३१ पर्यंत! अपील चालू असेल तर आणखी जास्त. तोवर तुमचे दोन-तीन फोन तरी बदललेले असतील.

नोंद कशी ठेवायची, हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ मध्ये आहे. ती नंतर उघडून वाचता आली पाहिजे. ती मूळ फॉरमॅटमध्ये हवी, किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये. आणि ती कुठून आली, कुठे गेली, कधी, हेही कळायला हवं.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलेलं बिल घ्या. फोटो दाबून लहान केला जातो, बारीक आकडे पुसट होतात. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. थर्मल कागदावरची बिलं तर काही महिन्यांतच फिकी पडतात, ती आली त्याच दिवशी स्कॅन करा.

ईमेलवर आलेल्या पीडीएफवर डिजिटल सही असेल तर ती फाईल आहे तशीच ठेवा. अनेक जण ती उघडून पुन्हा ‘प्रिंट टू पीडीएफ’ करतात. दिसायला सगळं सारखंच, पण सही गेली! उरतं ते फक्त सहीचं चित्र. ई-इनव्हॉइसच्या सही केलेल्या जेसन फाईलचंही तेच, ती डिलीट करू नका.

स्वतः बनवलेल्या बिलांसाठी मला पीडीएफ-ए सगळ्यात बरं वाटतं. दीर्घकाळ जपण्यासाठीच हा प्रकार बनलाय. फॉन्ट फाईलच्या आतच असतात, त्यामुळे मराठी नावांच्या जागी चौकोन दिसत नाहीत. त्याला पासवर्ड लावता येत नाही, आणि इथे ते सोयीचंच आहे, कारण आठ वर्षांपूर्वीचा पासवर्ड कुणाला आठवतो? फाईलला कुलूप नाही, म्हणून फोल्डरला मात्र लावा. लिबरऑफिसमध्ये पीडीएफ एक्स्पोर्ट करताना हा पर्याय फुकट मिळतो.

हिशोबाच्या अ‍ॅपचा बॅकअप बहुतेक वेळा त्याच अ‍ॅपमध्ये उघडतो. अ‍ॅप बंद पडलं की संपलं. म्हणून दर महिन्याला सीएसव्ही काढा. ती साधी टेक्स्ट फाईल असते, कुठेही उघडते. फक्त एक्सेलमध्ये थेट उघडून सेव्ह करू नका. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात आणि १५ अंकांपुढचे आकडे शून्य होतात. आधी ‘इम्पोर्ट’ करून तो रकाना टेक्स्ट करा.

बॅकअप ठेवणं हाही जीएसटीचाच नियम आहे, नियम ५७. एक प्रत क्लाउडवर, एक पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर. आणि वर्षातून एकदा जुनी एखादी फाईल दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.