उद्यानाचा खड्डा कुणाच्या खिशातून भरला?

शहरात नवे उद्यान होणार, अशी बातमी आली की सगळेच खूश होतात. झाडे, हिरवळ, कारंजी, मुलांना खेळायला जागा. त्याला विरोध कोण करणार? पण उद्यानाचे अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांत नेहमी अंतर पडते. या अंतराला अधिकारी 'निधीची तूट' म्हणतात. ती तूट कुणी, कशी आणि कोणत्या अटीवर भरली, हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी कुणी विचारत नाही. तो आपण विचारला पाहिजे, कारण ज्याचा पैसा त्याचा हक्क, हा या जगातला रोकडा व्यवहार आहे.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहरात आहे. तिथल्या 'मिलेनियम पार्क'चे चित्र अनेकांनी पाहिलेले असते. आरशासारखे चकचकीत, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचे ते प्रचंड शिल्प मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे. हे उद्यान साडेचोवीस एकरांचे आहे. पूर्वी तिथे रेल्वेचे रूळ आणि गाड्या उभ्या करण्याची जागा होती. १९९८ मध्ये महापौर रिचर्ड डेली यांनी उद्यानाची घोषणा केली. खर्च सांगितला १५ कोटी डॉलर. त्यातले १२ कोटी उद्यानाखालच्या वाहनतळाच्या उत्पन्नावर कर्जरोखे काढून उभे राहतील आणि ३ कोटी देणगीदार देतील, करदात्यावर बोजा पडणार नाही, असे आश्वासन दिले. उद्यान २००० साली खुले व्हायचे होते. ते खुले झाले जुलै २००४ मध्ये आणि खर्च गेला ४७ कोटी डॉलरच्या पुढे. म्हणजे तिपटीहून अधिक!

हा खड्डा भरला दोन खिशांतून.

पहिला खिसा धनिकांचा. शहरातील श्रीमंत घराणी आणि बड्या कंपन्यांनी मिळून २० कोटी डॉलरच्या आसपास देणग्या दिल्या. चांगली गोष्ट आहे. पण देणगीच्या मागोमाग नाव आले. नाट्यगृहाला एका घराण्याचे नाव, संगीत मंडपाला दुसऱ्याचे, कारंज्याला तिसऱ्याचे. पुलाला तेल कंपनीचे नाव, रस्त्याला बँकेचे, प्रदर्शनाच्या जागेला विमान कंपनीचे. जमीन जनतेची, निम्म्याहून अधिक पैसा जनतेचा आणि पाट्या मात्र शेठजींच्या!

पाट्यांवर भागले असते तरी एक वेळ चालले असते. पण ८ सप्टेंबर २००५ रोजी हे सार्वजनिक उद्यान सकाळपासून रात्रीपर्यंत एका मोटार कंपनीला भाड्याने दिले गेले. भाडे ८ लाख डॉलर. त्या दिवशी नेहमीप्रमाणे आलेल्या सामान्य नागरिकांना फाटकावरून परत पाठवण्यात आले. मिळालेल्या पैशातून उद्यानाचा खर्च आणि मोफत कार्यक्रम चालवू, असे समर्थन झाले. पुढच्या वर्षी एका विमा कंपनीनेही उद्यान असेच भाड्याने घेतले. तूट भरायला खासगी पैसा आला की फाटकाची किल्ली हळूहळू कुणाकडे जाते, ते इथे दिसते.

दुसरा खिसा अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याची चर्चा कमी झाली. वाहनतळाचे उत्पन्न अपेक्षेइतके आले नाही. तेव्हा महापालिकेने साडेनऊ कोटी डॉलर एका खास निधीतून उचलले. अमेरिकेत मागास, मोडकळीला आलेला भाग सुधारण्यासाठी एक कर योजना आहे. अशा भागाची मालमत्ता कराची रक्कम गोठवायची आणि पुढे जी वाढ होईल ती शाळांकडे किंवा इतर कामांकडे न जाता त्या भागाच्या विकासासाठी वेगळ्या खात्यात टाकायची, असा तिचा व्यवहार. हेतू कागदावर उत्तम. पण शिकागोने शहराच्या मधोमध असलेला व्यापारी भाग, जिथे गगनचुंबी इमारती आणि बँका आहेत, तोच 'मोडकळीला आलेला' म्हणून नोंदवला आणि तिथला निधी या झगमगत्या उद्यानाला वापरला. त्याच शहराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला कृष्णवर्णीयांच्या वस्त्या आहेत. पडकी घरे, रिकामे भूखंड आणि बंद कारखाने खरे तर तिथे होते. मागासांच्या नावाने काढलेली योजना आणि लाभ पुढारलेल्यांच्या अंगणात! भारतातल्या दलिताला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

कारण आपल्याकडे हेच घडले आहे. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा ठेवावा म्हणून १९७९-८० मध्ये विशेष घटक योजना सुरू झाली. हा पैसा आमच्या वस्त्यांसाठी, शिष्यवृत्तीसाठी, घरांसाठी. पण २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा याच निधीतले सातशे कोटींच्या आसपास रुपये स्पर्धेशी संबंधित कामांकडे वळवल्याचे उघड झाले. संसदेत गदारोळ झाला आणि हे चुकीचे होते, अशी कबुली खुद्द सरकारला द्यावी लागली. महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये दुसऱ्या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्याचीच ही गत, तर वस्तीतल्या माणसाचे कोण ऐकणार? तूट कुठलीही असो, हात प्रथम आमच्या ताटाकडे जातो.

आता कुणी म्हणेल, उद्यान शेवटी सगळ्यांचेच ना? शिकागोच्या उद्यानात तिकीट नाही, लाखो लोक येतात, गोरे येतात, काळेही येतात. हे खरे आहे आणि ते नाकारायचे कारण नाही. प्रश्न उद्यान हवे की नको हा नाही. प्रश्न आहे सार्वजनिक पैशाचा आणि सार्वजनिक हक्काचा.

या दोहोंचा संबंध आंबेडकरी चळवळीइतका कुणी ओळखलेला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांनी जो ठराव मांडला, त्याचा आधार काय होता? सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. दया करा, असे त्यात नव्हते. हा पैसा सर्वांचा आहे, म्हणून जागाही सर्वांची आहे, असा तो सरळ हिशेब होता. त्याच ठरावाच्या अनुषंगाने महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. ते कागदावरच राहिले, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंच्या साक्षीने तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये हाच हिशेब आला. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या अथवा जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही अडवता येणार नाही. 'अंशतः' हा शब्द नीट वाचावा. जनतेचा एक रुपया लागला तरी हक्क उभा राहतो.

आणि म्हणूनच ज्यांना हा हक्क नको आहे, ते 'महापालिकेकडे पैसा नाही' हे पालुपद लावतात. आज जातीवरून कुणी उघड अडवणार नाही. सदस्यत्व शुल्क, 'देखभाल शुल्क', खासगी कार्यक्रमासाठी बंद, कपडे पाहून हटकणारा सुरक्षारक्षक, एवढे पुरे असते. मुंबईत मोकळी मैदाने संस्थांकडे सांभाळायला देण्याचा प्रयोग झाला. काही ठिकाणी त्यावर क्लब उभे राहिले आणि वस्तीतली पोरे कुंपणाबाहेर राहिली. २०१६ मध्ये इतका आरडाओरडा झाला की मुख्यमंत्र्यांना महापालिकेचे ते धोरण थांबवून भूखंड परत घ्यायला सांगावे लागले.

आज मुंबईसमोर पुन्हा तोच प्रसंग आहे. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. वरळीच्या बीडीडी चाळी तिथून लांब नाहीत. ज्या महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचे होते, तिने उद्यानासाठी कुणापुढे झोळी पसरायचे कारण नाही. तरीही उद्या खर्च वाढेल, तूट दाखवली जाईल आणि दाते रांगेत उभे राहतील. तेव्हा काय मागायचे, हे आजच ठरवले पाहिजे.

एक, उद्यानाचा जमाखर्च पहिल्या दिवसापासून जाहीर असावा; मूळ अंदाज किती, वाढ किती, भरपाई कुठून. दोन, देणगी जरूर घ्यावी, पण देणगीदाराला फाटकावर, वेळांवर आणि कार्यक्रमांवर कसलाही अधिकार नसावा. एक दिवससुद्धा उद्यान भाड्याने जाऊ नये. तीन, अनुसूचित जाती-जमातींच्या निधीला कुठल्याही सुशोभीकरणासाठी हात लागू नये. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीसाठी कायदे केले. महाराष्ट्रातही निधी वळवायला मज्जाव करणारा कडक कायदा हवा. चार, एका मोठ्या उद्यानावर जेवढा खर्च, त्याच्या प्रमाणात गोवंडी, मानखुर्द, धारावीसारख्या वस्त्यांतही मैदाने आणि बागा झाल्या पाहिजेत. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराखाली वाढणाऱ्या मुलाने झाड बघायला दोन गाड्या बदलून महालक्ष्मीला का जावे?

आपल्या कार्यकर्त्यांना पुतळ्यासाठी, स्मारकासाठी, नामांतरासाठी लढण्याची सवय आहे. ती लढाई गरजेची होती आणि आहे. पण महापालिकेचे अंदाजपत्रक हेही लढाईचे मैदान आहे. ते वाचायला शिकले पाहिजे. प्रत्येक वॉर्डात दोन-चार शिकलेल्या तरुणांनी माहिती अधिकारात अर्ज टाकून आपल्या भागातील उद्यानाचा, मैदानाचा, मागासवर्गीय निधीचा हिशेब मागवावा. तळ्याचे पाणी मिळवायला बाबासाहेबांना महाडला जावे लागले. आपल्याला निदान वॉर्ड ऑफिसपर्यंत तरी जायला काय हरकत आहे?