बेळ्ळंदूर ते खांदेरी : अंतरांचा हिशेब

बेंगळुरूच्या बाह्यवळण मार्गालगतच्या बेळ्ळंदूर परिसरात माहिती तंत्रज्ञान क्षेत्राच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. दिवाळीच्या वा नाताळच्या सुट्टीत स्वतःच्या मोटारीने कोकणात उतरावे, मुलांना जलदुर्ग दाखवावेत, अशी इच्छा यांतील अनेक घरांत असते. ११ जुलै २०२५ रोजी ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे कोकण किनाऱ्यावरील चार किल्ले आहेत. त्यामुळे या इच्छेला आता एक निश्चित मार्ग लाभला आहे.

तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी या मार्गाने बेळगाव सुमारे ५०० किलोमीटर आहे. रस्ता प्रशस्त आहे. तथापि एकच चालक असल्यास बेळगावी मुक्काम करणे श्रेयस्कर. वेळ असल्यास दावणगेरे जिल्ह्यातील होदिगेरे येथे अवश्य थांबावे. बेंगळुरू ज्यांच्या जहागिरीत होते, त्या शहाजीराजांची समाधी येथे आहे. त्यांचे निधन जानेवारी १६६४ मध्ये झाले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी मालवणच्या कुरटे बेटावर शिवरायांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. पित्याची समाधी आणि पुत्राचा जलदुर्ग यांना एकाच प्रवासात वंदन करता येते.

बेळगावहून आंबोली घाट, सावंतवाडी आणि कुडाळ या मार्गाने मालवण सुमारे १४० किलोमीटर. येथून पुढे मात्र अंतराचे गणित बदलते. मालवण ते विजयदुर्ग हे आचरा, देवगडमार्गे जेमतेम ७५ ते ८० किलोमीटरचे अंतर. पण वळणे, चढउतार आणि अरुंद पूल यांमुळे त्यास अडीच तास सहज लागतात. महामार्गावर तेवढ्या वेळात याच्या दुप्पट अंतर कापले जाते.

यामागचे कारण कोकणच्या भूगोलात आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना खोल खाड्या निर्माण करतात. जहाजांना या खाड्या म्हणजे सुरक्षित आसरा होत्या. म्हणूनच वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे. ज्या खाडीमुळे किल्ल्याला महत्त्व आले, तीच आज मोटारचालकाला वळसा घालावयास लावते.

विजयदुर्गहून रत्नागिरीस मुक्काम करून उत्तरेकडे निघाल्यास हर्णै बंदर सुमारे दीडशे किलोमीटर पडते. वाटेत जयगड आणि दाभोळ या दोन खाड्या मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. धोपावे येथून दाभोळ समोर दिसते. परंतु शेवटची फेरी चुकल्यास चिपळूणकडून मोठा वळसा घेण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून घ्याव्यात. हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग पाहता येतो. पुढे वेसवी–बागमांडले आणि दिघी–आगरदांडा या फेऱ्यांनी मुरूडमार्गे अलिबाग गाठता येते. १६७९ मध्ये इंग्रजांच्या विरोधाला न जुमानता शिवरायांनी उभारलेला खांदेरी तेथील थळ गावासमोरच्या समुद्रात आहे.

चारांपैकी विजयदुर्गाच्या दारापर्यंतच मोटार जाते. उरलेल्या तिन्हींसाठी होडी आवश्यक असून पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे होड्या बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा.

प्रवासाचे अंदाजपत्रक आखताना किलोमीटर आणि तास असे दोन स्वतंत्र रकाने करावेत. बेळगावपर्यंत पहिला रकाना पुरेसा आहे. मालवणनंतर दुसऱ्यावरच विसंबावे. किनाऱ्यावर दिवसाकाठी एकच किल्ला आणि अंधारापूर्वी मुक्काम, एवढे पथ्य पाळल्यास घरातील वडीलधारी मंडळीही हा प्रवास सुखाने करू शकतील आणि पुस्तकात वाचलेला तट मुलांना स्वतःच्या हाताने चाचपून पाहता येईल.