बारा गावं, एक दरवाजा आणि पुलाला टेकलेली बाल्कनी

नागपूर म्हटलं की बाहेरच्यांना संत्री आठवतात, मे महिन्याचं ऊन आठवतं, नि फार तर हिवाळी अधिवेशन. पण शहर कसं वसवावं आणि त्यात माणसांनी कसं फिरावं, याचा तीनशे वर्षांचा ऐवज या शहराच्या पोटात, म्हणजे महाल नावाच्या जुन्या वस्तीत, पडून आहे. त्यातला थोडा इथे वाढला आहे. पोह्यांवर तर्री असते तसा, म्हणजे काही घास तिखट लागतील.

तेव्हा १२, आता ७१९

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ साली बारा वस्त्या जोडून नागपूर वसवलं. राजापूर बारसा हे त्या वस्त्यांचं नाव. सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, लेंड्रा ही त्यातलीच मंडळी, आज जिथे पार्किंग मिळत नाही ती. आताच्या नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत ७१९ गावं येतात. बख्त बुलंदाचं काम बारांत भागलं होतं.

आधी तळं, मग इमारती

त्याचा वारस चांद सुलतान राजधानी इथे घेऊन आला. गावाभोवती सुमारे तीन मैलांचा तट बांधला आणि पाण्यासाठी जुम्मा तलाव केला. तट गेला, पण त्याचा एक दरवाजा अजून उभा आहे. तो पूर्वीचा जुम्मा दरवाजा, आताचं गांधी गेट. तलावाचंही नाव बदललं. आधी शुक्रवारी तलाव, मग गांधीसागर. पाण्याची सोय आधी आणि मिरवायच्या इमारती नंतर, हा क्रम अठराव्या शतकातल्या राजाला कळला होता. आज नव्या लेआउटमध्ये आधी कमान उभी राहते आणि पाण्याचा टँकर मागून येतो.

पत्त्यातच वार

इतवारी, सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी. नागपूरचे हे भाग म्हणजे जुन्या बाजारांचं कॅलेंडर. त्यावर आणखी ओळी आणि पुरे : चितार ओळीत मूर्ती घडवणारे, भांडे ओळीत भांडी, भालदारपुऱ्यात भालदार. धंदा खाली आणि बिऱ्हाड वर. कामावर जायला जिना उतरला की झालं.

पॅरिसमधले प्राध्यापक कार्लोस मोरेनो यांनी २०१६ च्या सुमारास 'पंधरा मिनिटांचं शहर' ही कल्पना मांडली. शाळा, दवाखाना, किराणा, काम, सगळं घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर असावं. पॅरिसच्या महापौरांनी २०२० ची निवडणूक या कल्पनेवर लढवली नि जिंकली. महालातल्या माणसाला हे सांगितलं तर तो विचारेल, 'पंधरा मिनिटं? एवढा वेळ कायले लागते, भाऊ?'

खड्ड्यात सोनं

जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा जमशेदजी टाटांनी गिरणीसाठी घेतली आणि मातीने भरून काढायला सुरुवात केली. एका स्थानिक सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस खड्ड्यात सोनं ओततो आहे, असं त्याचं म्हणणं. गिरणी चालल्यावर त्याने कबूल केलं की टाटांनी ओतली माती आणि काढलं सोनं. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईहून रेल्वे १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती नि कापूस भोवतालीच पिकत होता. गिरणी २००२ मध्ये बंद झाली. आता त्या जागी मॉल आहे. पायी येणाऱ्या हजारो कामगारांच्या जागी मोटारीने येणारे ग्राहक आले, आणि लगतच्या रस्त्यांना त्याचा हिशेब कुणी विचारला नाही.

प्लेगचा उंदीर आणि काळी मारबत

आता थोडं नागपूरबाहेर. पुढचा प्रसंग इंदूरचा आहे, म्हणजे होळकरांच्या राज्यातला. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१४ साली हिंदुस्थानात आले. त्यांचा इंदूरवरचा अहवाल १९१८ चा. प्लेगाची भीती होती, शहरात घाण होती. गेडीसनी युक्ती काढली. दिवाळीत मोठी मिरवणूक निघेल, पण मार्ग आधी जाहीर होणार नाही. जे रस्ते सर्वांत स्वच्छ, तिथून ती जाईल. मग काय, गल्लीगल्लीत झाडू निघाले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भलामोठा पुतळा होता.

नागपूरकरांना या पुतळ्याचं कौतुक कमीच वाटेल. कारण इथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे असाच एक भलामोठा पुतळा, १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून. सोबत बडग्यांचे पुतळे असतात : महागाईचा, भ्रष्टाचाराचा, खड्ड्यांचा. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत शहर आपली वर्षभराची तक्रार खांद्यावर घेऊन इतवारी-महालाच्या भागातून फिरतं आणि शेवटी जाळून टाकतं. नगररचनेच्या भाषेत याला नागरिकांचा सहभाग म्हणतात. फक्त गेडीसच्या मिरवणुकीआधी रस्ते साफ व्हायचे. आपल्याकडे खड्ड्यांचा बडगा खड्डे चुकवत पुढे जातो.

याच गेडीसचं दुसरं सांगणं जुन्या गावांसाठी फार कामाचं आहे. दाट वस्तीतून सरळ रेघ मारून रुंद रस्ता काढू नका. मोडकळीला आलेलं एखादं घर काढा, तिथे चौक होऊ द्या, झाड लावा, विहीर राखा, बाकीचं गाव जिवंत ठेवा. खर्चही कमी येतो, हे त्यांनी आकडे मांडून दाखवलं होतं. ते स्वतः गल्ल्यागल्ल्यांतून पायी हिंडून नकाशे करत. हल्ली नकाशा उपग्रहावरून होतो, आणि उपग्रहाला ओटा दिसत नाही.

रेघेची ताकद

नगररचनेचा देशातला पहिला कायदा मुंबई प्रांताचा, १९१५ सालचा. आपला सध्याचा कायदा १९६६ चा, आणि त्यानुसार शहराची विकास योजना वीस वर्षांतून एकदा नव्याने तपासायची असते. एकदा योजनेत रुंदीकरणाची रेघ पडली की ती घराच्या कुंडलीत बसते. महालातला केळीबाग रोड हे त्याचं ठळक उदाहरण. रुंदीकरण वर्षानुवर्षं कागदावर राहिलं. त्या काळात मालकाला डागडुजी करायची तरी धाकधूक. जी भिंत कधीतरी पडायचीच आहे, तिच्यावर कोण पैसे घालील? मग एक दिवस पाडापाडी सुरू झाली आणि वर्षानुवर्षांच्या दुकानांचे दर्शनी भाग गेले.

मोबदल्यात टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हस्तांतरणीय हक्क, देता येतो. पण तो जागेच्या मालकाला. भाड्याच्या गाळ्यात दोन पिढ्या बसलेल्या दुकानदाराला तो मिळत नाही, आणि महालात असे भाडेकरू थोडेथोडके नाहीत. रस्ता रुंद झाला की आणखी मोटारी उभ्या करायला जागा मिळते, हा तर सगळ्या शहरांचा अनुभव. महालची ताकद सगळं हाकेच्या अंतरावर असण्यात आहे. ते मोडून रुंदी आणायची, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

बाल्कनीला पूल की पुलाला बाल्कनी?

इंदोरा ते दिघोरी असा सुमारे नऊ किलोमीटरचा उड्डाणपूल महालाच्या कडेने जातो. खर्च ९९८ कोटी रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये अशोक चौकातल्या एका घराचा फोटो देशभर फिरला. पुलाचा वर्तुळाकार भाग थेट त्या घराच्या बाल्कनीला भिडला होता. बाल्कनी अनधिकृत की पूल चुकीचा, यावर आठवडाभर चर्वितचर्वण झालं. नकाशा काढणारं खातं, बांधणारं खातं आणि परवानगी देणारं खातं एका टेबलाशी बसत नाहीत, तेव्हा त्यांची गाठ बाल्कनीत पडते.

विक्रम वर्धा रोडवर

इथेनॉलवर धावणारी देशातली पहिली बस २०१४ मध्ये नागपुरात आली. विजेवर चालणाऱ्या टॅक्सींचा पहिला मोठा प्रयोगही इथलाच, मे २०१७ चा. मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. वर्धा रोडवरच्या ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलाची गिनीज बुकात नोंद झाली. डिसेंबर २०२२ मध्ये प्रजापती नगरची लाइनही सुरू झाली. ही लाइन अग्रसेन चौक आणि चितार ओळ चौकावरून जाते. म्हणजे महालाच्या दाराशी येते, आत शिरत नाही.

आत शिरूही नये. पण चितार ओळीच्या स्टेशनातून उतरलेल्या आजीला गांधी गेटपर्यंत नेणारी सलग पायवाट हवी, सावली हवी, ठरल्या भाड्याची ई-रिक्षा हवी. गिनीज बुकात याची नोंद होत नाही. पण आजी उद्या पुन्हा मेट्रोने येणार की नातवाला स्कूटर काढायला लावणार, हे त्यावरच ठरतं.

नदी होती ती नाग

शहराला नाव देणारी नागनदी महालाच्या जवळूनच वाहते. नवखा माणूस तिला नाला समजतो. दक्षिण कोरियात सोल शहरात चंगेचन नावाच्या ओढ्यावर उन्नत रस्ता होता. २००३ मध्ये तो पाडायला घेतला, २००५ मध्ये ओढा पुन्हा वाहता झाला, लोक काठावर फिरायला येऊ लागले. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीने आपली जुनी हद्द घराघरांत जाऊन दाखवली. नगररचनेत नदी विसरली तरी नदीला नगर आठवतं.

एक चांगली बातमीही आहे. नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिलं जातं. तेवढं धरणाचं पाणी वाचतं.

टाउन हॉलची रिकामी बाकं

महापालिकेचा टाउन हॉल महालातच. नगरपालिका १८६४ ची, महापालिका २ मार्च १९५१ पासून. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची अठरा कामं दिली आहेत, आणि त्यातलं पहिलंच काम नगरनियोजन. तरी मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ शहर प्रशासकाच्या हाती होतं. रस्ते, पूल, आरक्षणं सगळं चालू होतं. प्रश्न विचारायला निवडून आलेलं कुणी नव्हतं.

करून पाहिलेली माणसं

दिल्लीत चांदणी चौकाचा लाल किल्ला ते फतेहपुरी हा पट्टा २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद आहे. पुण्यात लक्ष्मी रोडवर त्याच वर्षापासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळतात. स्पेनमधल्या पोन्तेवेद्रा शहराने १९९९ पासून जुन्या वस्तीतून मोटारी बाहेर काढल्या. सगळीकडे व्यापारी आधी रागावले. हेच महालात करायचं म्हटलं तर तिथले व्यापारीही रागावतील, आणि त्यांचं ऐकूनच माल चढवण्या-उतरवण्याची वेळ ठरवावी लागेल. वाहनतळ कडेला, आत पायी नि ई-रिक्षा, आणि सुरुवात बडकस चौक ते गांधी गेट एवढ्यावर, महिन्यातून एक रविवार. पुलाच्या एका खांबाएवढाही खर्च येणार नाही.

तेव्हा महालकरांनो, विकास योजनेचा नवा मसुदा हरकतींसाठी खुला होईल त्या दिवसाची वाट पाहा. आपल्या गल्लीवरची रेघ नकाशात शोधा. हरकत असो की सूचना, मुदतीत लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.