चर्चच्या दारचा शिधा : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत नोकरीनिमित्त वा शिक्षणानिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबावर एकाएकी तंगीचा प्रसंग ओढवला, म्हणजे एच-वन-बी व्हिसावरील गृहस्थाची नोकरी सुटून नवी शोधण्यासाठी मिळणारी जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत सरू लागली, किंवा सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांहून अधिक काम करण्यास मज्जाव असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती घरभाडे भरल्यावर काहीच उरेनासे झाले, की पहिली काटछाट होते ती स्वयंपाकघरात. दूध निम्म्यावर येते, भाजी बंद होते, आणि जवळच्याच चर्चच्या तळघरात ठरल्या दिवशी धान्य, कडधान्ये व फळे वाटली जातात हे ठाऊक असूनही त्या दाराकडे पाय वळत नाहीत. या न वळण्यामागे जितका संकोच असतो तितक्याच ऐकीव समजुतीही असतात, आणि त्यांपैकी बहुतेक निराधार आहेत हे सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण त्यांची झळ घरातील लेकरांना लागते.

या समजुतींत सर्वांत खोल रुजलेली ती धर्माविषयीची. चर्चचे अन्न घेतले की आधी प्रार्थनेला बसावे लागते, मग रविवारी हजेरी लावावी लागते आणि शेवटी गोष्ट बाप्तिस्म्यापर्यंत जाते, असे मानणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. 1876 ते 1878 चा आणि त्या शतकाच्या अखेरचा असे भीषण दुष्काळ ज्या मुलखाने सोसले, जेथे अहमदनगरच्या परिसरात अमेरिकन मराठी मिशनने आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळपीडितांना आसरा दिला व त्याबरोबरच धर्मांतराचे वादही पेटले, त्या मुलखातील माणसाच्या मनात अन्न आणि धर्म यांची सांगड बसलेली असणे स्वाभाविकच आहे. परंतु आजच्या अमेरिकेतील बहुसंख्य फूड पॅन्ट्रींना, म्हणजे असा शिधा वाटणाऱ्या केंद्रांना, ती सांगड घालण्याची मोकळीक नाही. केंद्रीय कृषिखात्याच्या आपत्कालीन अन्नसाहाय्य योजनेतून जो माल येतो, त्याच्या वाटपाला धार्मिक अट जोडण्यास सक्त मनाई आहे; उपासना किंवा प्रवचन वाटपापासून वेगळ्या वेळी वा वेगळ्या जागी ठेवावे लागते, आणि त्यात भाग घेणे सर्वस्वी ऐच्छिक असावे लागते. व्यापाऱ्यांच्या दानालाही करकायद्याचे बंधन आहे : ज्या दानावर व्यापारी वाढीव करसवलत घेतो, तो माल संस्थेने पैसा, वस्तू किंवा सेवा यांच्या मोबदल्यात कोणासही देता कामा नये, आणि म्हणून अशा शिध्यापोटी वर्गणी मागणे किंवा ‘आधी दोन तास झाडलोट करा’ अशी अट घालणे नियमबाह्य ठरते. केवळ आपल्या मंडळीच्या देणग्यांवर चालणारी एखादी लहान पॅन्ट्री या नियमांच्या कक्षेबाहेर असू शकते, तेव्हा शंका असल्यास आधी दूरध्वनीवर विचारून घ्यावे हे उत्तम. एरवी टेबलाच्या कोपऱ्यावर धर्मपत्रिका ठेवलेल्या दिसतील, एखादी वयस्क स्वयंसेविका ‘तुमच्यासाठी प्रार्थना करू का?’ असे आपुलकीने विचारीलही. ‘नको, आभारी आहे’ म्हटल्याने पिशवीतला एक डबाही कमी होत नाही.

चर्च या व्यवस्थेत इतके का दिसते, याचे उत्तर तिच्या उगमात आहे. ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरी सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या अन्नछत्रात सेवा करणारे जॉन व्हॅन हेंगेल यांना एका गरीब मातेकडून कळले की, किराणा दुकानांच्या मागील कचरापेट्यांत खाण्याजोगे अन्न रोज टाकले जाते. पैसा ठेवण्या-काढण्याची जशी पेढी असते तशी अन्नाचीही असावी, ही कल्पना तेथून पुढे आली, आणि 1967 साली सेंट मेरी चर्चने दिलेल्या एका जुन्या इमारतीत व तीन हजार डॉलरच्या भांडवलावर जगातील पहिली अन्नपेढी उभी राहिली. आज फीडिंग अमेरिका या संस्थेच्या जाळ्यात सुमारे 200 अन्नपेढ्या आणि त्यांच्याशी संलग्न अशी सुमारे 60,000 पॅन्ट्री व भोजनकेंद्रे आहेत. अन्नपेढी हे मोठे कोठार, तेथून माल उचलून घरोघरच्या माणसाला देणारी ती पॅन्ट्री. आणि शहरात जागा, वाहनतळ व फावल्या वेळेत राबणारे हात या तिन्ही गोष्टी चर्चपाशी आयत्या असल्यामुळे या साखळीची शेवटची कडी बहुधा तेथे सापडते.

दुसरी भीती दस्तऐवजांची. प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे : दाराशी क्रमांकाची चिठ्ठी मिळते; आत घडीच्या टेबलामागे बसलेली व्यक्ती नाव, पत्ता किंवा पिनकोड आणि घरात माणसे किती हे विचारते; सरकारी माल असल्यास एका तक्त्यावर बोट ठेवून ‘तुमचे उत्पन्न या आकड्याच्या आत आहे ना?’ असे विचारून सही घेते, आणि पगाराचा दाखला न मागता त्या सहीवर विश्वास ठेवणे हीच तेथील सर्वसाधारण रीत आहे. काही ठिकाणी पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचे देयक पुरते. नोकरी करणाऱ्यास शिधा मिळत नाही, हीही चुकीची समजूत. सरकारी मालासाठी उत्पन्नमर्यादा प्रत्येक राज्य ठरवते, आणि अनेक राज्यांत ती दारिद्र्यरेषेच्या 185 टक्के किंवा त्याहून वर आहे. 2025 च्या हिशेबाने चौघांच्या कुटुंबाला ही 185 टक्क्यांची मर्यादा वर्षाला सुमारे 59,500 डॉलर भरते. त्याच कृषिखात्याच्या पाहणीनुसार 2023 साली देशातील 13.5 टक्के, म्हणजे 1 कोटी 80 लाख कुटुंबांना पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती. पॅन्ट्रीच्या रांगेत शिक्षक असतात, परिचारिका असतात, दुकानांतले कारकून असतात.

व्हिसाधारकाला छळणारा प्रश्न मात्र निराळाच असतो : उद्या ग्रीन कार्डाच्या अर्जात हे आड येईल काय? ‘सरकारवर भार’ ठरण्याची जी कसोटी आहे, तिच्या 2022 च्या नियमात मुख्यतः सरकारकडून मिळणारी निर्वाहासाठीची रोख मदत आणि सरकारी खर्चाने दीर्घकाळ संस्थेत राहणे यांचाच विचार सांगितला आहे. आणि मंडळीने वर्गणीतून विकत घेतलेला किंवा दुकानदाराने दिलेला तांदूळ हा तर सरकारी लाभच नव्हे. हे नियम सरकार पालटते तसे पालटू शकतात, सबब अन्य सरकारी योजनांसाठी अर्ज करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे. परंतु ती सावधगिरी पॅन्ट्रीच्या पिशवीपर्यंत ताणून मुलांना अर्धपोटी ठेवणे मला सर्वथा अनाठायी वाटते.

मिळणारे अन्न शिळे वा मुदत उलटलेले असते, या तक्रारीत तथ्याचा अंश आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. डब्यावरील ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ हा शिक्का बहुधा चवीचा व दर्जाचा अंदाज असतो, आरोग्याचा हुकूम नव्हे. तान्ह्या बाळांच्या दुधाच्या भुकटीखेरीज इतर अन्नावर अशी तारीख छापण्याची सक्ती तेथील केंद्रीय कायद्याने केलेली नाही. बाळाच्या भुकटीवरील तारीख मात्र कसोशीने पाळावी, आणि फुगलेला, गंजलेला वा शिवणीवर खोल पोचा पडलेला डबा कोणत्याही तारखेचा असला तरी परत करावा. 1996 च्या कायद्याने सद्भावनेने अन्नदान करणाऱ्यास खटल्यापासून संरक्षण दिले, पण घोर निष्काळजीपणाला ते लागू नाही.

शाकाहारी घराला तेथे काही मिळणार नाही, हा तर निव्वळ अपसमज. अनेक पॅन्ट्रींतून आता दुकानासारखे मांडणीवरून आपले आपण निवडता येते, आणि त्या मांडणीवर आपल्या ओळखीच्या वस्तू पुष्कळ असतात : ‘गार्बान्झो’ म्हणजे आपले काबुली चणे, ‘ब्लॅक-आइड पीज’ म्हणजे चवळी, शिवाय मसूर, तांदूळ, ओट, शेंगदाण्याचे लोणी. डब्यातील कडधान्य चाळणीत ओतून नळाखाली धुतले की त्यातील बरेचसे मीठ निघून जाते, आणि मग फोडणीची उसळ घरच्यासारखी होते. लक्ष ठेवायचे ते घोटलेल्या राजम्यासारख्या दिसणाऱ्या ‘रिफ्राइड बीन्स’च्या डब्यावर : त्यातील पारंपरिक प्रकारात डुकराची चरबी असते, तेव्हा वेष्टनावर ‘शाकाहारी’ अशी नोंद आहे का ते पाहावे; फळांच्या जेलीसारख्या गोडातले जिलेटिनही प्राणिजन्य असते.

आणि शेवटी तो संकोच. हात पसरणे आपल्याला मानवत नाही, हे मी जाणतो. पण पुण्यात वार लावून जेवत आणि माधुकरी मागत ज्यांनी विद्या संपादिली त्या पिढ्यांना आपण लाचार म्हणत नाही. उलट सोमवारी एका घरी आणि मंगळवारी दुसऱ्या घरी त्या मुलाचे पान मांडणाऱ्या गृहिणींचे आणि त्या मुलाचेही नाव आदराने घेतो. आपल्या घेण्याने दुसऱ्याच्या तोंडचा घास जातो, असेही सरसकट म्हणता येत नाही : पाव, दूध, पालेभाजी यांसारखा नाशवंत माल त्या दिवशी उचलला गेला नाही तर बहुधा टाकावाच लागतो. टिकाऊ मालाची चणचण मात्र खरीच असते, म्हणून एका कुटुंबाला महिन्यातून किती वेळा यायचे याला बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते, आणि एका खेपेचा शिधा काही दिवसांपुरताच निघतो. महिनाभराचे घर त्यावर चालेल अशी अपेक्षा बाळगू नये.

जवळची पॅन्ट्री शोधण्यासाठी तेथे 211 हा दूरध्वनी क्रमांक आहे. वाटपाची वेळ कोणती, कागद कोणते लागतात आणि आपल्या पिनकोडच्या माणसाला तेथे शिधा मिळतो का, एवढे विचारून दोन मजबूत कापडी पिशव्या घेऊन निघावे. थँक्सगिव्हिंग व नाताळच्या आठवड्यांत वारांची अदलाबदल होण्याचा संभव असतो, तेव्हा त्या दिवसांत निघण्यापूर्वी पुन्हा एकदा विचारणा करावी.